म्हाताऱ्या कुत्रीसोबत घरच्या सगळ्यांचा फोटो: कधी काढावा, कुठे काढावा?

गॅलरीतली_तुळस

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आमच्याकडे ठकी आहे. काळीकुळकुळीत, देशी, वय चौदाच्या घरात. आम्ही कर्वेनगरला राहतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये स्कूटरखाली कुडकुडत बसलेली सापडली आणि "पाऊस थांबला की सोडू" म्हणून वर आणली. तो पाऊस अजून थांबलेला नाही.

मध्यंतरी खाणं कमी झालं म्हणून सोनोग्राफी केली, तर प्लीहेवर, म्हणजे पोटातल्या स्प्लीनवर, मोठी गाठ निघाली. हृदयही कमजोर, त्यामुळे ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसरीकडे दाखवलं, तिथेही तेच. किती दिवस, ते कोणी सांगत नाही. आज विचाराल तर बाईसाहेब मजेत आहेत. सकाळी खाली चक्कर मारून इस्त्रीवाल्याकडून बिस्किटाची वसुली करून येतात.

तर मुद्दा फोटोचा. मोबाईल उघडला तर ठकीच ठकी आहे, पण सगळीकडे एकटी. घरातल्या सगळ्यांबरोबरचा एक धड फोटो नाही. सासूबाईंचा तर तिच्यासोबत एकही नाही. "कुत्रं घरात चालणार नाही" हे त्यांचंच वाक्य, आणि आता रोज दुपारी दुधात भाकरी कुस्करून भरवतात त्याच. पण फोन समोर धरला की "थांब गं, हे पातळ बदलून येते" म्हणत आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग ठकीही आत जाते. मग काय, रिकाम्या सोफ्याचा फोटो.

लेक बंगळूरला असतो, नाताळच्या सुट्टीत येईल. तोवर थांबावं का? स्टुडिओत न्यावं की घरीच? ह्यांच्या मनात वेताळ टेकडी आहे, कारण इतकी वर्षं रोज सकाळी दोघं तिथेच जायचे. पण आता तिला चढ झेपत नाही. नणंदबाईंचं मत असं की जिवंत जिवाचे "शेवटचे फोटो" काढणं म्हणजे अपशकुन. त्यामुळे घरात थोडं वातावरणही आहे. सांगा बरं काहीतरी.

कॅमेराकाका

ताई, लेकासाठी थांबू नका. हे पहिलं. तो आला की पुन्हा काढा, फिल्म थोडीच संपतेय! पण "सगळे जमले की मग" या नादात राहिलेले फोटो मी फार पाहिलेत. हौशी आहे, पण सोसायटीतली बारशी आणि एकसष्ट्या माझ्याच गळ्यात असतात, म्हणून बोलतो.

स्टुडिओ नको. गुळगुळीत फरशी, अनोळखी वास, छत्रीसारखे दिवे. धडधाकट कुत्रं तिथे बावचळतं, ही तर आजारी. घरी काढा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी किंवा खिडकी असेल तर तुमचं काम झालं. पुण्यात सध्या सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. आठ-साडेआठचं नाहीतर चार-साडेचारचं ऊन धरा. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, ऊन मऊ होतं. दिवे सगळे बंद, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा.

काळ्या कुत्र्याची गोम वेगळी. चौकटीत काळं जास्त आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो. ठकी राखाडी दिसते आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडतो. मोबाईलवर ठकीच्या तोंडावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते जरा खाली ओढा. डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकताना दिसला की थांबा. मागे पांढरीशुभ्र भिंत नको, तिच्यासमोर ठकीचा नुसता काळा डाग होतो. फ्लॅश तर अजिबात नको. कुत्र्याच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा पडदा असतो, त्यावरून उजेड परततो आणि डोळे हिरवे भुतासारखे दिसतात.

दोन पावलं मागे जाऊन २एक्सवर काढा. अगदी जवळून काढला तर नाक भोपळ्याएवढं आणि माणसं कडेला लांबट. आणि फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कुत्रं नेहमी अपराधी दिसतं.

दुपारी_एक_ते_चार

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सगळं हल्लीचं खूळ आहे. डोहाळजेवणाचं शूट झालं, लग्नाआधीचं झालं, आता कुत्र्याच्या मरणाआधीचंही! आमच्याकडे एकामागून एक तीन कुत्री झाली, एकाचाही फोटो भिंतीवर नाही. तिघंही नीट आठवतात. जे दिवस उरलेत ते तिच्याजवळ बसून घालवा की. कॅमेरा आला की माणूस बसायचं सोडून दिग्दर्शन करायला लागतो.

शनिवारपेठी

@दुपारी_एक_ते_चार, हल्लीचं खूळ म्हणू नका. आमच्या वाड्यातल्या ग्रुप फोटोत मोत्या आहे आणि तो फोटो १९६१ च्या आधीचा आहे. मधल्या चौकात आजोबा खुर्चीवर, बायका मागे, पोरं खाली मांडी घालून आणि डाव्या कोपऱ्यात मोत्या. सगळे श्वास रोखून बसलेले, पण शेपटी हलवू नको हे मोत्याला कोण सांगणार? त्यामुळे त्याच्या मागच्या बाजूला शेपटीऐवजी पांढुरका पंखा आलाय. साखळी कोणी धरलीय ते दिसत नाही, चौकटीच्या कडेला फक्त हात आणि काकणं. ती काकणं आजीची की मोठ्या काकूची, यावर दर दिवाळीला वाद होतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाणी वाड्यात शिरलं आणि घरातले सगळे अल्बम गेले. हा एक वाचला, कारण त्याची प्रत आत्याच्या सासरी सांगलीला होती. तेव्हा ताई, फोटो जरूर काढा आणि छापून निदान दोन घरांत ठेवा. मोबाईल बुडायला पूरसुद्धा लागत नाही.

गोठा_ते_गॅलरी

पशुवैद्य आहे. नोकरी सगळी तालुक्याच्या दवाखान्यात गाईम्हशींत गेली, निवृत्तीनंतर पुण्यात आलो आणि आता शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं बघतो. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यापुढे माझं काही मानू नका, पण फोटोच्या निमित्ताने काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

प्लीहेवरची गाठ फुटू शकते. म्हणून पोटाखाली हात घालून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागून, आणि पाठ सरळ राहिली पाहिजे. सोफ्यावर उडी मारू द्यायची नाही. दोन पायांवर उभं करून "हॅलो" वगैरे करून घ्यायचं नाही. रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघत जा. गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या पडल्या, एकदम गळून बसली, पोट तट्ट फुगलं, तर कसला फोटो नि कसलं काय, थेट दवाखाना.

वेदनाशामक चालू असेल तर त्याचा असर चांगला असतो ती वेळ फोटोला निवडा. म्हाताऱ्या कुत्र्यांना थंडीत सकाळी सांधे धरतात, त्यामुळे आठपेक्षा चारचं ऊन बरं. मात्र फोटोसाठी म्हणून जास्तीची गोळी देऊ नका, आणि माणसांच्या औषधातली तर नाहीच. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड जातं. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते.

डोळे निळसर धुरकट दिसतात म्हणून मोतीबिंदूच असेल असं नाही. वयाने भिंग घट्ट होतं, तरी दिसत असतं. कान मात्र बरेचदा गेलेले असतात. म्हणून नावाने हाका मारत बसू नका, फरशीवर हाताने थाप मारा, हादरा पायाला कळतो आणि मान वळते. नाक बहुधा शेवटपर्यंत टिकतं. कॅमेऱ्याजवळ उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा. कांदा-लसूण घातलेलं नको, मनुका-द्राक्षं नको, चॉकलेट नको.

आणि किती दिवस हे कोणी सांगत नाही म्हणालात, त्याबद्दल. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी एक मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चाललंय ते ठीक. कालनिर्णयच्या चौकोनात रोज आकडा लिहा. घरातल्या दोघांनी वेगवेगळा लिहा, आपापसात न विचारता. वरचे आकडे दिसतायत त्याच आठवड्यात फोटो उरका.

गॅलरीतली_तुळस

डॉक्टरकाका, कालनिर्णय खाली उतरवलंय. ह्यांचा आणि माझा आकडा जुळत नाही. ते भूक दहा लिहितात, कारण इस्त्रीवाल्याचं बिस्किट त्यांच्या हिशेबात आहे.

टेकडीवाला

टेकडी सोडू नका हो! एआरएआयच्या, म्हणजे टेकडीवरच्या वाहन संशोधन संस्थेच्या, बाजूने गाडी वरपर्यंत जाते. तिथून पुढे फारसा चढ नाही. खाणीपर्यंत जायचीही गरज नाही, गवतात सतरंजी टाका आणि बसा. रविवार टाळा, रविवारी अर्धं कोथरूड वर असतं. डिसेंबरात गवत सोनेरी झालेलं असतं, त्यात काळं कुत्रं काय उठून दिसतं! फक्त पट्टा सोडू नका, मोर दिसला की चौदाव्या वर्षीही पाय फुटतात.

बोका_मालक

मांजरवाल्यांचं कोणी ऐकतं का इथे? आमचा बोका मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. शेवटी शेवटी घरीच कातडीखाली सलाईन द्यायचो. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवलेली, बायको जमिनीवर पाय पसरून, तिच्या मांडीवर बोका, आणि धाकटी बाटलीतले थेंब मोजतेय. मेहुण्याने सहज टिपला. त्याआधी रीतसर काढलेलेही आहेत, गळ्यात बो वगैरे. ते कोणी उघडून बघत नाही. फ्रिजवर आहे तो सलाईनवाला.

त्यामुळे माझं मत, सजवून बसवू नका. सासूबाई भाकरी भरवतात ना? तोच फोटो. वेगळी पोझ शोधायची गरजच काय?

दुपारी_एक_ते_चार

@बोका_मालक, हेच मी म्हणत होतो. फक्त कॅमेऱ्याशिवाय.

पिल्लूची_आई

तुळसताई, एक विचारू? फोटोसाठी खाली-वर करताना लिफ्टचं काय करता? आमच्या म्हाताऱ्या लॅबला मागचे पाय उचलत नाहीत आणि सोसायटीचे चेअरमन म्हणतात कुत्र्याने जिन्यानेच जायचं. तिसरा मजला आहे हो. बत्तीस किलो उचलून नेतो आम्ही दोघं.

सातबारा

@पिल्लूची_आई, चेअरमनना सांगा, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. दुसरी लिफ्ट असेल तर ती वापरा असं फार तर सांगू शकतात. सूचनेची प्रत मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते, ती जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी भांडू नका. पुण्यात तोंडी भांडण वर्षानुवर्षं चालतं.

(विषयांतर झालं, क्षमस्व. यावर वेगळा धागा काढा.)

नव्वदीचा_पोरगा

मला थोडं अवघड विचारायचंय. शेवटच्या दिवशी, म्हणजे इंजेक्शनच्या दिवशी, फोटो काढावा का? आमच्या घरी दोन मतं आहेत. आमच्या ब्रूनोची वेळ जवळ आलीय.

गोठा_ते_गॅलरी

त्या दिवशी हात मोकळे ठेवा. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रं पेंगुळतं, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत संपतं, दुखत नाही. डोळे उघडेच राहतात, कधी लघवी होते, कधी नंतर एखादा श्वास घेतल्यासारखी छाती हलते. हे आधी माहीत असावं, नाहीतर घरचे घाबरतात. तेव्हा डोक्यावर हात ठेवायला माणूस हवा, फोनमागे नको. डॉक्टर घरी येणार असतील तर आदल्या दिवशी काय काढायचं ते काढून घ्या. आणि पुढची व्यवस्थाही आदल्या दिवशीच विचारून ठेवा, त्या दिवशी फोन फिरवत बसणं फार वाईट.

रांगोळीवाली

पंजाचा ठसा घेणार असाल तर तोही बरा असतानाच घ्या. बाजारातली शाईची किट्स महाग असतात. आम्ही गेरू कालवला, पातळ पिठलं असतं तेवढा, आणि स्पंजने पंजाला लावला. खाली शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागद. पाय कागदावर टेकवण्यापेक्षा पुठ्ठ्यावर कागद लावून तो पंजाला टेकवायचा, ठसा फाकत नाही. लगेच ओल्या फडक्याने बोटांच्या बेचक्यातून पुसून घ्यायचं, नाहीतर चाटतात. लक्ष्मीची पावलं काढतो तशी आमच्या सोन्याची पावलं देव्हाऱ्याच्या खोलीबाहेर फ्रेममध्ये आहेत. आईंनी स्वतः जागा दाखवली.

गॅलरीतली_तुळस

झालं एकदाचं! सविस्तर लिहिते, कारण इथे इतक्या जणांनी वेळ दिलाय.

लेकाला फोन केला, म्हटलं थांबत नाही. तो म्हणाला थांबूच नका, आणि आल्यावर मला वेगळा हवाय. प्रश्न मिटला. टेकडीला आधी गेलो, मंगळवारी, हे अर्ध्या दिवसाची रजा टाकून. गाडीतून उतरताच तिने नाक वर केलं आणि अशी काही निघाली की पट्टा ताणला गेला. दहाबारा पावलं, मग बसली. ह्यांनी तिच्या शेजारी फतकल मारली. मी काढत सुटले. तिथे दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, दोघांचीही पाठ आहे. मला तोच आवडलाय.

घरचा कार्यक्रम शनिवारी चारला. सासूबाईंना खाली बसता येत नाही आणि ठकीला वर चढता येत नाही, हा पेच होता. शेवटी ठकीला डॉक्टरकाकांनी सांगितल्याप्रमाणे उचलून दिवाणावर ठेवलं आणि सासूबाई तिच्याजवळ बसल्या. पातळ बदललं नाही! म्हणजे बदलणारच होत्या, पण मी भाकरीचं ताट आधी हातात दिलं. ठकीचं तोंड ताटात, सासूबाई तिच्या कानामागे लागलेलं दूध पदराने पुसतायत. सूर्य खाली ओढला, कॅमेराकाका. पांढरी झालेली हनुवटी आणि मिशीचा एकेक केस दिसतोय. काळा डाग नाही झाला.

आणि आता गंमत. साडेचारला बेल वाजली. नणंदबाई. पैठणी नेसून. "सहज आले होते." सहज पैठणी! अपशकुनाचा विषय कोणी काढला नाही. मधोमध बसल्या, ठकीने त्यांच्या मांडीवर मान टाकली आणि पदरावर दुधाची लाळ गळली. एक शब्द बोलल्या नाहीत.

मीही आहे बरं का यात. शेजारच्या मुलीला फोन दिला होता. नाहीतर फोटो काढणारी बाई फोटोत नसतेच.

वीस मिनिटांत ठकी कंटाळली, कूस बदलून झोपली. आम्ही आवरतं घेतलं.

दुपारी_एक_ते_चार

वाचलं. चांगलं झालं. फोटोंबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण एक सुचवतो, आवाज रेकॉर्ड करून ठेवा. फरशीवर नखं वाजतात ती, पाणी पिताना होतो तो, इस्त्रीवाल्याला बघून करते ते. आमच्या तिघांचे चेहरे मला आठवतात, आवाज मात्र एकमेकांत मिसळलेत.

गॅलरीतली_तुळस

@दुपारी_एक_ते_चार, हे आजच करते. मनापासून आभार.

कॅमेराकाका, एक शेवटचं. ह्यांना टेकडीचा मोठा करायचाय, सासूबाईंना ताटाचा. नणंदबाईंना अर्थातच पैठणीचा. फोनवरचा फोटो किती मोठा करता येतो?

कॅमेराकाका

१२ मेगापिक्सेलचा असेल तर १२ बाय १६ इंचाला काही धोका नाही, २५० च्या आसपास डीपीआय (इंचाला ठिपके) पडतो. ग्लॉसी नको, मॅटवर छापा, काचेमागे खिडकी चमकत नाही. आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत छापायला देऊ नका, ती पिळून काढलेली असते. मूळ फाईल पेनड्राइव्हवर न्या. तिन्ही छापा, भांडण नको.

पिल्लूची_आई

लिफ्टचा अर्ज दिला, पोच घेतली. चेअरमन सध्या बोलत नाहीत, पण लिफ्ट चालू आहे.

काका, आमची लॅब फिकट पिवळी आहे, जवळजवळ पांढरीच. तिच्यासाठीही सूर्य खालीच ओढायचा का?

कॅमेराकाका

नाही, उलट. थोडा वर. आणि मागे गडद रंगाची चादर टाका.